उत्तरवयातील योगसाधना : फलश्रुतीकडून अनुभवकथनाकडे

१

भारतीय वाङ्मयात योग आणि वार्धक्य यांचा संबंध फार जुना आहे. मात्र त्याचे स्वरूप सर्व काळी एकच राहिलेले नाही. आज सेवानिवृत्तीनंतर योगासनांकडे वळणारी व्यक्ती सांधे मोकळे राहावेत, झोप नीट लागावी, चालताना तोल जाऊ नये, अशा अपेक्षा बाळगते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील राजांची अपेक्षा याहून अगदी निराळी होती. पहिल्या सर्गात रघुकुलाचे वर्णन करताना कवीने आयुष्याचे टप्पे सांगितले आहेत : बालपणी विद्या, तारुण्यात विषयोपभोग, वार्धक्यात मुनीची वृत्ती आणि अखेरीस योगाच्या द्वारे देहाचा त्याग. आठव्या सर्गात हेच सूत्र प्रत्यक्ष चरित्ररूपाने येते. अज राज्य चालवतो आणि त्याचा वृद्ध पिता रघू योगाभ्यास करतो. पुत्राची राजनीती आणि पित्याची साधना कवी समांतर मांडतो. येथे उत्तरवयातील योग हा देह सोडण्याचा मार्ग आहे. भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायातही योगबलाचा उल्लेख प्रयाणकाळाच्या संदर्भात येतो.

देह सोडण्यासाठी योग आणि देहात नीट राहण्यासाठी योग, या दोन भूमिकांमधील अंतर हा केवळ धर्माच्या किंवा वैद्यकाच्या इतिहासाचा प्रश्न नाही. उत्तरवयात योगाने काय मिळते हे सांगण्याचे वाङ्मयीन प्रकारही या प्रवासात बदलत गेले. प्रथम ते ग्रंथाने सांगितले, नंतर लोकपरंपरेतील आख्यायिकेने त्याची परीक्षा घेतली आणि विसाव्या शतकात ते साधकाने स्वतःच्या नावाने सांगितले. फलश्रुती, आख्यायिका आणि अनुभवकथन या तीन प्रकारांच्या आधारे हा बदल तपासता येतो.

२

योगाने जरा जिंकता येते ही कल्पना हठयोगाच्या पूर्वीची आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात, ज्याला योगाग्निमय शरीर लाभले त्याला रोग, जरा आणि मृत्यू नाहीत, असे प्रतिपादन आढळते. पतंजलीच्या योगसूत्रांत मात्र वयाचा विचार नाही. आसनाविषयी तेथे मोजकीच सूत्रे आहेत आणि स्थैर्य व सुख ही त्याची लक्षणे आहेत. अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ व अखंड चालला पाहिजे, ही अट पतंजलीने घातली आहे. उशिरा आरंभ करणाऱ्याच्या दृष्टीने ही अट अडचणीची ठरते. कारण त्याच्यापाशी दीर्घकाळ असेलच असे नाही.

हठयोगाच्या संहितांनी ही अडचण दूर केली. तेराव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाणारे ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ आणि पंधराव्या शतकातील स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ या दोन्ही ग्रंथांत तरुण, वृद्ध आणि रोगी या सर्वांना आळस न करता केलेल्या अभ्यासाने सिद्धी मिळते, असे स्पष्ट आश्वासन आहे. ‘दत्तात्रेययोगशास्त्रा’ने वयाप्रमाणेच वर्ण व पंथ यांच्याही मर्यादा सैल केल्या आहेत. ‘हठप्रदीपिके’त ‘वृद्ध’ आणि ‘अतिवृद्ध’ अशी दोन निरनिराळी पदे योजली गेली, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. वार्धक्याचीही एकच पायरी नसते, याचे भान त्यात दिसते.

परंतु या संहितांमध्ये वृद्ध हा केवळ अधिकारी म्हणून येतो. त्याला स्वतःचा आवाज नाही. त्याला प्रवेश दिला जातो आणि त्याच्यापुढे फळ ठेवले जाते. ‘हठप्रदीपिके’त विपरीतकरणीच्या फळांत सहा महिन्यांनंतर सुरकुत्या व पांढरे केस दिसेनासे होतात, असे म्हटले आहे. हे फलश्रुतीचे वाक्य आहे. व्रतकथेच्या किंवा स्तोत्राच्या अखेरच्या फलकथनाप्रमाणे त्याचा कर्ता अनामिक, काळ निश्चित आणि परिणाम संपूर्ण असतो. सुरकुत्या थोड्या कमी झाल्या, असे फलश्रुती सांगत नाही.

३

मराठीत या फलश्रुतीचा सर्वांत समृद्ध काव्याविष्कार ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात आढळतो. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथात कुंडलिनी जागृत झाल्यावर योग्याचा देह कसा पालटतो याचे तपशीलवार वर्णन आहे. म्हातारपण मागे परतते, नवी नखे व नवे दात येतात, कांती उजळते आणि हरवलेली बाल्यावस्था पुन्हा प्रकट होते. गीतेच्या मूळ श्लोकांत हा विस्तार नाही. नाथपरंपरेच्या योगविद्येचा तो वारसा आहे. तथापि त्याच ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या उपासकांचा योगमार्ग किती कष्टाचा आहे हे दाखवून ज्ञानदेव भक्तीची सुलभता सांगतात. फलश्रुतीचा गौरव आणि तिच्याविषयीचे अंतर, दोन्ही एकाच संहितेत नांदतात.

या अंतराला कथारूप मिळाले ते चांगदेवाच्या आख्यायिकेत. परंपरेनुसार चांगदेव योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगला. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्याने पत्र लिहावयास घेतले; पण वयाने लहान आणि ज्ञानाने थोर अशा व्यक्तीला आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे न उमगल्याने त्याने कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाईने म्हटल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून ‘चांगदेव पासष्टी’तील पासष्ट ओव्यांकडे पाहिले जाते. त्या ओव्यांचा भर द्रष्टा, दृश्य आणि दर्शन यांच्या ऐक्यावर आहे. दीर्घायुष्याची प्रशंसा त्यांत नाही. पुढे मुक्ताबाई ही चांगदेवाची गुरू झाली, असेही परंपरा मानते.

ऐतिहासिक सत्यासत्यतेच्या पलीकडे या आख्यायिकेचे वाङ्मयीन कार्य महत्त्वाचे आहे. फलश्रुतीने दिलेले वचन येथे पूर्णतः फळाला आलेले आहे : मृत्यू टळला आहे, जरा हरली आहे. तरीही योगाचा लाभ म्हणावा तो अजून व्हावयाचाच आहे. चांगदेव हा त्या अर्थाने उशिरा आरंभ करणारा साधक ठरतो. त्याच्या उशिराच्या आरंभाची खूण म्हणजे वयाने लहान असलेल्या व्यक्तीपुढे शिष्यभावाने बसण्याची तयारी. पत्राचा मायना न सुचणे हा या कथेतला गमतीचा भाग नाही. वय आणि अधिकार यांची फारकत त्यात नेमकी पकडली गेली आहे.

४

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योगाची भाषा बदलली. योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोवा येथे योगसंस्था स्थापन केली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम उभारले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण व रक्तदाबाची मोजणी यांच्या साहाय्याने आसनांचे व क्रियांचे परिणाम तपासण्याचा उपक्रम त्यातून पुढे आला. ग्रंथात फळ सांगितले आहे एवढ्यावर आता भागत नव्हते. ते फळ कोणत्या शरीरात, किती प्रमाणात दिसते, असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

१९२७ मध्ये प्रकृती ढासळल्यानंतर महात्मा गांधींनी कुवलयानंदांकडून आसनांविषयी मार्गदर्शन घेतले. गांधींचे वय तेव्हा सत्तावन्न होते, कुवलयानंदांचे त्रेचाळीसच्या आसपास. त्यांच्या पत्रव्यवहारात फलश्रुतीची जागा वृत्तांताने घेतलेली दिसते. रोगी स्वतःच्या देहाविषयी कळवतो, मार्गदर्शक त्यावरून सूचना करतो आणि उभयतांपैकी कोणीही अंतिम फळाची ग्वाही देत नाही. उत्तरवयातील साधकाला स्वतःचा आवाज मिळतो तो असा, पत्ररूपाने.

याच कालखंडात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार केला. आरंभी ते सँडो या युरोपीय मल्लाच्या व्यायामपद्धतीचे अनुयायी होते. सुमारे दहा वर्षांनंतर, चाळिशीच्या आसपास, ते नमस्कारांकडे वळले. त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लुइस मॉर्गन यांच्या संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. हठयोगाच्या मध्ययुगीन संहितांत सूर्यनमस्कार येत नाहीत. उलट ‘हठप्रदीपिके’वरील ‘ज्योत्स्ना’ टीकेत ब्रह्मानंदाने पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे हे वर्ज्य अशा कायाक्लेशात गणले आहे. ज्याला परंपरा म्हणून स्वीकारले गेले तिची घडण किती अलीकडची आहे, हे येथे दिसते. वाङ्मयाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते ती भवानरावांच्या प्रतिपादनाची रचना : आधी परकी पद्धती, मग स्वकीयाचा शोध आणि अखेरीस स्वतःच्या देहाची साक्ष. उशिराने झालेल्या योगशोधाच्या कथनाचा हा आराखडा पुढे अनेक भाषांत आढळतो.

जवाहरलाल नेहरूंनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तुरुंगातील शीर्षासनाविषयी लिहिले आहे. त्या काहीशा विनोदी अवस्थेमुळे आपली वृत्ती प्रसन्न झाली आणि आयुष्याच्या लहरींविषयी आपण थोडे अधिक सहिष्णू झालो, अशा आशयाचे ते निवेदन आहे. पंचेचाळिशीतील या लेखकाने फळ हेतुतः लहान ठेवले आहे. जरा व मृत्यू यांवर विजय नाही. थोडी अधिक सहनशीलता, एवढेच. फलश्रुतीच्या संपूर्णतेच्या जागी ‘थोडे’ हे परिमाण येणे, ही आधुनिक अनुभवकथनाची मोठी खूण आहे.

५

उत्तरवयाला स्वतंत्र पद्धती हवी, हा विचार म्हैसूर व चेन्नई येथे अध्यापन केलेल्या तिरुमलै कृष्णमाचार्य (१८८८-१९८९) यांच्या परंपरेत स्पष्ट झाला. बाल्य व तारुण्यासाठी सृष्टिक्रम, गृहस्थासाठी स्थितिक्रम आणि उत्तरवयासाठी लयक्रम अशी वयोवस्थांनुसार विभागणी या परंपरेत सांगितली जाते. आश्रमव्यवस्थेची जुनी चौकट येथे पुन्हा उपयोगात आणली गेली; मात्र तिचा आशय बदलला. वृद्धाने वनात जावे असे नव्हे, तर त्याच्या अभ्यासाने त्याच्या वयाशी जुळवून घ्यावे, असा तिचा अर्थ झाला.

कृष्णमाचार्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले आणि तेथेच त्यांचे कार्य विस्तारले. दोर, ठोकळे, खुर्ची यांसारख्या साधनांचा उपयोग करून आसन शरीरापर्यंत आणण्याची त्यांची पद्धत वयस्कांना विशेष उपकारक ठरली. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ (१८७६-१९६५) यांनी ऐंशी ओलांडल्यानंतर, १९५८ मध्ये त्यांच्याकडून शीर्षासन शिकून घेतले. शिक्षक तेव्हा चाळिशीत होता. जे. कृष्णमूर्तींनी १९६५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, कृष्णमाचार्यांचे पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांच्याकडून योगाचे धडे घेतले. देशिकाचार तेव्हा तिशीच्या आतले होते. मुक्ताबाई व चांगदेव यांच्या आख्यायिकेतील वयाचा व्युत्क्रम येथे इतिहासात घडताना दिसतो.

मध्यम वयात योगाकडे वळलेल्या इटलीच्या वांडा स्कारावेल्ली यांनी अय्यंगार व देशिकाचार या दोघांकडे शिक्षण घेतले. १९९१ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे ‘अवेकनिंग द स्पाइन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाठीचा कणा, श्वास आणि गुरुत्वाकर्षण यांचा विचार करणारे हे लेखन जोर लावण्याऐवजी सोडून देण्यावर भर देते. ‘अतिवृद्ध’ या हठप्रदीपिकेतील पदाला येथे प्रथमपुरुषी कर्तृत्व प्राप्त झाले, असे म्हणता येईल.

याच्या शेजारी दुसरा प्रवाहही आहे. कृष्णमाचार्यांकडेच म्हैसूरला शिकलेल्या इंद्रादेवींच्या १९५३ मधील पुस्तकाचे शीर्षक ‘फॉरएव्हर यंग, फॉरएव्हर हेल्दी’ असे आहे. चिरतारुण्याची फलश्रुती येथे बाजारपेठेच्या भाषेत परतली. २०१४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानंतर २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि ही भाषा अधिक दूरवर पोहोचली. वैद्यकाचे विधान मात्र मर्यादित राहिले. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१७ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवरील औषधाविना उपायांत योगाचा समावेश केला. दुसरीकडे काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन टाळावे, कारण त्याने डोळ्यातील दाब वाढतो, हेही वैद्यकच सांगते. ‘सर्वांना, सर्व काही’ हे फलश्रुतीचे वाक्य त्यामुळे ‘यांना, एवढे’ असे होते.

६

या इतिहासातून एक गोष्ट हाती लागते. उत्तरवयातील योगाचा लाभ हा प्रत्येक काळी कोण सांगतो, यावर त्याचे स्वरूप अवलंबून राहिले. ग्रंथ सांगतो तेव्हा तो अमर्याद असतो. आख्यायिका सांगते तेव्हा तो अपुरा ठरतो. वृद्ध साधक स्वतः सांगतो तेव्हा तो लहान, पण पडताळता येण्याजोगा होतो. या तिसऱ्या प्रकाराने वृद्धाच्या देहानुभवाला प्रमाण म्हणून मान्यता दिली, ही त्याची मोठी देणगी. मात्र त्यात एक हानीही झाली. रघूच्या योगात देह सोडण्याची तयारी होती. आधुनिक कथनांतून मृत्यूचा उल्लेख बहुधा गळून पडला आणि वार्धक्य हा सुधारण्याजोगा दोष मानण्याकडे कल वाढला.

तौलनिक अभ्यासाने या कथनांकडे पाहताना केवळ त्यांतील आरोग्यविषयक दावे तपासणे पुरेसे नाही. चिरतारुण्याचे वचन पुन्हा एकदा मांडले जात असताना मराठी परंपरेने चांगदेवाच्या रूपाने त्याचे मूल्यमापन सातशे वर्षांपूर्वीच्या संतांभोवती गुंफलेल्या कथेत करून ठेवले आहे. किती वर्षे मिळाली, यापेक्षा मिळालेल्या वर्षांत शिकण्याची वृत्ती टिकली का, हा त्या कथेचा निकष आहे. ऐंशी ओलांडल्यावर चाळिशीतल्या शिक्षकापुढे उभी राहणारी राणी त्या निकषाला उतरते. तिचे केस पांढरेच राहिले, याने त्यात काही उणे येत नाही.