पाळी सांभाळून मॅट्रिक

संदर्भग्रंथालयाच्या अर्जात 'शैक्षणिक पात्रता' असा एक रकाना असतो. मी तिथे 'बारावी' लिहितो. खिडकीपलीकडचा माणूस अर्ज वाचतो, माझ्या पिकलेल्या केसांकडे बघतो आणि विचारतो, "मग हे कशासाठी हवंय?" पूर्वी राग यायचा, आता येत नाही. तीस वर्षे मुद्रितशोधनावर पोट भरले. दुसऱ्यांचे प्रबंध तपासता तपासता वाचनाची गोडी लागली आणि त्यातून गिरणगावच्या शिक्षणाचा नाद. त्या रकान्यात काय लिहिता येते यावर माझ्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांचे आयुष्य कसे ठरत गेले, हे मला शोधायचे होते. हा लेख त्या शोधाचा एक तुकडा.

सुरुवात दोन सनांपासून करतो. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी स्थापन केली. ताडदेवच्या त्या गिरणीतून १८५६ मध्ये सूत निघू लागले. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ निघाले. म्हणजे भोंगा आणि पदवी या शहरात जवळजवळ जुळ्या भावंडांसारख्या आल्या. विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ही नावे शाळकरी मुलालाही पाठ असतात. पण जुळ्यांपैकी दुसऱ्या भावंडाच्या घरी काय चालले होते?

तिथे मुले कामाला होती. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायला बंदी केली; याचा अर्थ सात वर्षांचे मूल चालत होते, आणि तेही दिवसाला नऊ तास. १८९१ मध्ये वयाची अट नऊ वर्षे झाली, कामाचे तास सात झाले. या मुलांना गिरणीत 'हाफ-टायमर' म्हणत. अर्धा दिवस काम आणि उरलेला वेळ मोकळा, अशी ती कल्पना. १९२२ मध्ये अट बारा वर्षांवर आली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात पूर्ण बंदी व्हायला १९४८ चा कायदा यावा लागला. नऊ-दहा वर्षांचे पोर पोटापुरते काही आणत असेल तर त्याला शाळेत बसवणे म्हणजे घरातली एक मिळकत बंद करणे. 'कामगारांना शिक्षणाची किंमत कळत नव्हती' असे विधान मी अनेक प्रबंधांत तपासले आहे (शुद्धलेखनापुरते). ते साफ चुकीचे आहे. किंमत त्यांना आण्या-पैशांत माहीत होती.

मुंबई शहरासाठीचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० मध्ये झाला. महापालिकेने सक्ती आधी लागू केली ती १९२५ मध्ये, एफ आणि जी या वॉर्डांत. परळ, लालबाग, दादर, वरळी हा सगळा भाग त्यांत येतो. गिरगावच्या मध्यमवर्गीय वाड्यांना सक्ती लागत नव्हती; तिथे पोर शाळेत गेले नाही तर आजोबाच कान धरून नेत. जिथे घरची गरज आडवी येत होती तिथेच सरकारला कायदा आणावा लागला.

वर्ग कसा घडतो याचा एक नमुना तर दादर-परळ या चार-दोन फर्लांगांतच दिसतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने एका बाजूला दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, झाडे, भाडेपट्ट्याने दिलेले प्लॉट. तिथे हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. कारकून, वकील, डॉक्टर, मास्तर ही मंडळी गिरगाव सोडून तिकडे सरकू लागली आणि त्यांच्यामागून शाळा आल्या. इंडियन एज्युकेशन सोसायटी १९१७ ची, बालमोहन १९४० चे. दुसऱ्या बाजूला याच ट्रस्टने कामगारांसाठी एकेका खोलीच्या चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे आपल्या बीडीडीने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे २०७ चाळी उभ्या केल्या. एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. एका खोलीत एक कुटुंब, वर गावाकडचे दोघे-तिघे. अभ्यासाला बसायचे कुठे? जिन्यात, गॅलरीत, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्याखाली. दिव्याखालच्या अभ्यासाच्या गोष्टी आपल्याकडे फार कौतुकाने सांगतात. मला त्या ऐकताना खोलीचे माप आठवते.

ट्रस्टच्या परळच्या चाळीचा सर्वांत नामवंत रहिवासी म्हणजे अर्थात डॉ. आंबेडकर. ही कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यातल्या दोनच गोष्टींकडे बोट दाखवतो. पहिली, थोरले बंधू आनंदराव. रामजी सुभेदारांच्या तुटपुंज्या पेन्शनीत दोन मुलांचे शिक्षण झेपेना, तेव्हा आनंदरावांनी शाळा सोडली आणि ते कामाला लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत राहिले. दुसरी, कृष्णराव अर्जुन केळुसकर. गिरगावातल्या विल्सन हायस्कूलचे हे शिक्षक चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या मुलाला भेटले. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले होते, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरच होते. एका मुलाच्या मॅट्रिकसाठी भावाची शाळा सुटली, एक मास्तर झटला आणि एक संस्थानिक पुढे आला. बुद्धी त्या मुलाची स्वतःची, पण तेवढ्यावर भागले नसते.

बाकीच्यांना ना महाराज होते ना केळुसकर. त्यांच्यासाठी होती रात्रशाळा. जोतीराव फुल्यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा १८५५ मध्येच काढली होती. मुंबईच्या कामगारवस्तीत हे काम नेटाने केले ते ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने. लीग १९११ ची. रात्रीचे वर्ग, फिरती वाचनालये आणि परळचा दामोदर हॉल. याच हॉलमध्ये मार्च १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बोलावलेल्या बैठकीतून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि शिक्षणप्रसार हे तिचे पहिल्या रांगेतले उद्दिष्ट होते. १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज निघाले. तिथे वर्ग सकाळी भरत, नोकरी करणाऱ्याला ऑफिसची वेळ गाठता यावी म्हणून. साधे वेळापत्रक, पण ते कोणासाठी आखले आहे हे त्यातून कळते.

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो आणि तो टाळता येत नाही. गिरणीत शिकलेल्याला काही मिळत होते का? कामगार भरती होई ती मुकादमाच्या, गाववाल्याच्या ओळखीने. कोणत्या खात्यात जायचे हे बहुतेक जातीने ठरे. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. तुटलेले सूत तोंडाने ओढून जोडावे लागते हे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. वरची कताई मास्तर, विणाई मास्तर ही पदे साहेब, पारशी किंवा १८८७ मध्ये निघालेल्या व्हीजेटीआयसारख्या संस्थेतून शिकून आलेल्यांसाठी. रात्रशाळेत मॅट्रिक झालेला साचेवाला गिरणीच्या आत कुठेच बसत नव्हता. त्याचे सर्टिफिकेट गिरणीच्या गेटबाहेर कामाचे होते, आणि गेटबाहेर जायची त्याची छाती नव्हती. कायम झालेल्या साचेवाल्याचा पगार सुरुवातीच्या कारकुनापेक्षा कमी नसे.

आता वडिलांच्या वहीकडे येतो.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. गावी सातवी झालेले, सोळाव्या वर्षी मुंबईत आले, गावकीच्या खोलीत राहिले, खानावळीत जेवले. तिशी उलटल्यावर त्यांनी रात्रशाळेत आठवीला नाव घातले. का, ते त्यांनी कधी नीट सांगितले नाही. एकदाच म्हणाले, "जॉबर कागद वाचून दाखवायचा, त्यात दोन ओळी गाळायचा. मला त्या दोन ओळी बघायच्या होत्या."

शाळा संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. गिरणीची पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा. दुसरी पाळी आली की शाळा बुडाली, आणि पाळी फिरती. रात्रशाळांतली गळती अभ्यासाच्या कठीणपणाने होई तेवढीच या पाळीने होई, असे मला वाटते. वडिलांनी वाट काढली ती त्याच साच्यांवरच्या जोडीदाराकडून. एकाची पहिली पाळी असे तेव्हा दुसऱ्याची दुसरी. जोडीदार मालवणकडचा, सही करण्यापुरते लिहिणारा. त्याने आपल्या वाट्याची दिवसपाळी वडिलांना द्यायची आणि स्वतः रात्री बारापर्यंत उभे राहायचे. जॉबरची परवानगी अर्थातच फुकट नव्हती.

वहीत याचा हिशोब आहे. पाठकोऱ्या कागदांची, जाड दोऱ्याने शिवलेली वही. पुढच्या पानांवर बीजगणित, मागून उलटी उघडली की दोन रकाने: 'घेतली' आणि 'दिली'. तारखा १९६६ पासूनच्या. वडील मार्च १९७० ला इंग्रजीत गेले, ऑक्टोबरला पुन्हा बसले आणि सुटले. माझा जन्मही त्याच वर्षीचा, म्हणून सन चुकत नाही. परीक्षा तेव्हा एस.एस.सी. होती, जुन्या अकरावीची. मॅट्रिक विद्यापीठाकडून जाऊन एकवीस वर्षे झाली होती. चाळीत मात्र सगळे 'मॅट्रिक झाला' असेच म्हणाले. जोडीदाराने पेढे वाटले. वडिलांनी टाइमकीपरच्या जागेसाठी अर्ज केला. ती जागा कोणाच्या तरी भाच्याला गेली. वडील साच्यावर परत उभे राहिले आणि 'दिली'चा रकाना भरू लागले. घाई कोणालाच नव्हती. जोडीदाराला गणपतीच्या आधी, नाहीतर मुलीच्या दुखण्यात दिवसपाळी लागे, तेव्हा तो मागून घेई.

ग्रंथालयांत रात्रशाळांचे अहवाल मी जमतील तितके वाचले. पटावर किती, परीक्षेला बसले किती, उतरले किती, एवढे सगळे आकडे असतात. पाळी देणाऱ्याचा रकाना कुठल्याही अहवालात नाही. खानावळवालीने ताट उशिरापर्यंत झाकून ठेवले, खोलीतल्या माणसांनी दिवा जळत ठेवू दिला, याची नोंद कोण करणार? यशाचा इतिहास उतरलेल्यांच्या यादीवरून लिहिला जातो. नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून घरी आणले आणि चौथीपर्यंत शिकवले. पुढे ते शिपायाचे शिक्षक आणि कवी झाले. गंगाराम सुर्व्यांचे नाव आपल्याला माहीत आहे ते मुलाने लिहिले म्हणून.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले हजारो पुन्हा कधी आत गेले नाहीत. मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या मजल्यावर त्या दोन वर्षांत जे झाले त्याने गिरणीत निरुपयोगी ठरलेल्या त्या कागदाला अचानक अर्थ आला. ज्याच्याकडे एस.एस.सी.चे सर्टिफिकेट होते तो कुठेतरी चिकटला: एखाद्या ऑफिसात शिपाई, गोदामात कारकून, कुरिअरमध्ये वाटप. ज्याच्याकडे नव्हते तो भाजी विकू लागला, वॉचमन झाला किंवा गावी गेला. वडिलांना फोर्टमधल्या एका खासगी कचेरीत दप्तर सांभाळायचे काम मिळाले. मुलाखतीला त्यांनी ते बारा वर्षांपूर्वीचे सर्टिफिकेट इस्त्री केलेल्या रुमालात गुंडाळून नेले होते. पगार साच्यापेक्षा कमी, पण दर महिन्याला येणारा. त्यावर मी बारावीपर्यंत शिकलो. पुढे का नाही, तो वेगळा विषय. दोष मुख्यतः माझाच.

जोडीदार १९८३ च्या शिमग्याला गावी गेला आणि परतला नाही. वडिलांची दोन पत्रे गेली. उत्तर आले ते दुसऱ्या कोणी लिहून दिलेले.

वडील गेल्यावर मी वही पुन्हा नीट मोजली. 'घेतली' १६३, 'दिली' ११८. शेवटची 'दिली' १९८१ च्या डिसेंबरातली आहे. तिच्यापुढे वडिलांनी पेन्सिलीने ४५ असा आकडा लिहून त्याभोवती गोल केला आहे. तो गोल संपानंतर केव्हातरी केला असावा, कारण शाई नाही, कचेरीतली निळी-लाल पेन्सिल आहे. लाल टोकाने केलेला.