प्रोसेसर अपग्रेड

प्रोसेसर अपग्रेड : संगणकाचा मदरबोर्ड तोच ठेवून त्यावरील जुन्या प्रोसेसरच्या जागी अधिक वेगवान प्रोसेसर बसवणे. ही सोय मुख्यतः डेस्कटॉप संगणकांत असते. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला असतो.

सुसंगतता : कोणता प्रोसेसर चालेल हे मदरबोर्ड ठरवतो. सॉकेट जुळणे ही पहिली अट, पण तेवढ्याने भागत नाही. इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटमध्ये (२००४) पेंटियम ४ बसतो, तसाच कोअर २ क्वाडही. तरीही सुरुवातीच्या बोर्डांवर कोअर २ क्वाड चालत नाही, कारण त्यांचा चिपसेट, वीजपुरवठ्याचे सर्किट किंवा बायोस त्याला साथ देत नाही. म्हणून बोर्डाच्या उत्पादकाने दिलेली प्रोसेसरांची यादी खरेदीपूर्वी पाहावीच.

उदाहरण : एएमडीचा एएम४ सॉकेट दीर्घकाळ टिकला. त्यातील रायझन ५ १६०० (२०१७) काढून रायझन ५ ५६०० (२०२२) लावता येतो. दोन्ही सहा कोअरचे व ६५ वॅटचे. मात्र कमाल वेग ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर जातो आणि एल३ कॅशे १६ ऐवजी ३२ एमबी मिळते. १६०० विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही, ५६०० आहे. ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते.

कृती : जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे, नंतर संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्या तळाशी असतात. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर सरळ उपसला, तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. यासाठी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग वीज तोडून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. नवा प्रोसेसर कोपऱ्यातील त्रिकोणी खूण जुळवून, दाब न देता ठेवावा आणि ताजी पेस्ट लावावी.

उपयुक्तता : संगणक हार्ड डिस्कवर चालत असेल किंवा रॅम अपुरी असेल, तर आधी एसएसडी व रॅम घ्यावी. प्रोसेसरसाठी बोर्ड आणि रॅमही बदलावी लागत असेल, तर तो खर्च अपग्रेडचा न धरता नव्या संगणकाचा धरावा.