समुद्रतळीचे गोटे

गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत पोलाद तयार होते, आणि पोलादाला मँगनीज लागते. मँगनीज म्हटले की आपणांस भंडाऱ्याच्या खाणी आठवतात. परंतु बटाट्याएवढ्या काळ्या गोट्यांच्या रूपाने तो खोल समुद्राच्या तळीही पसरला आहे, हे इंग्रजांच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ च्या सफरीत जगास दाखविले. त्या गोट्यांत निकेल, तांबे, कोबाल्टही असते.

आपल्याकडील कथा गोव्यात सुरू होते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी असे गोटे प्रथम वर काढले. मूठभर नमुना काढणे निराळे. खाण चालविणे निराळे. पाच हजार मीटर खोलीवर दाब हवेच्या सुमारे पाचशेपट. तथापि दाबाहूनही चिवट शत्रू म्हणजे चिखल होय! यंत्र जड केले तर ते रुतते, हलके केले तर त्याचे पट्टे जागच्या जागी फिरतात.

चेन्नईच्या पळ्ळिकरणै भागातील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने या चिखलाशी वर्षानुवर्षे झुंज घेतली. तिचे ‘वराह’ यंत्र एप्रिल २०२१ मध्ये मध्य हिंदी महासागरात ५,२७० मीटर खोलीवर चालले. नाव ठेवणारास पुराण चांगले ठाऊक असावे! मात्र पुराणातील वराहाने पृथ्वी दातांवर उचलली. या वराहाला गोटे चुरून, डोलणाऱ्या जहाजापर्यंत पाच किलोमीटरांच्या नळीतून चढवावयाचे आहेत. शिवाय उसळणारा गाळ तळच्या जीवांवर बसतो, आणि गोटा तर दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतो.