श्वानांचा अपस्मार : पूरक आहार किती उपयुक्त?

नागपूर : घरातील श्वान अचानक एका कुशीवर कोसळतो, पाय ताठ होतात, तोंडाला फेस येतो आणि नकळत लघवी होते. विदर्भात मिरगी म्हणून ओळखला जाणारा हा विकार श्वानांमध्ये आढळणाऱ्या मेंदूच्या प्रमुख दीर्घकालीन विकारांपैकी एक आहे. औषधांच्या दुष्परिणामांच्या भीतीने अनेक श्वानपालक पूरक आहाराकडे वळतात. मात्र, या आहाराच्या मर्यादा जाणून घेणे आवश्यक आहे.

अज्ञात कारणाचा किंवा आनुवंशिक अपस्मार साधारणतः सहा महिने ते सहा वर्षे या वयात प्रथम दिसतो. डिस्टेंपर, विषबाधा, यकृताचे विकार आणि रक्तातील साखर घटणे यांमुळेही झटके येतात. त्यामुळे रक्ततपासणी व निदान ही पहिली पायरी ठरते. वाडीतील श्वानपालकांना यासाठी सेमिनरी हिल्स येथील नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडते. १९५८ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत आहे.

उपचारांचा मुख्य आधार फेनोबार्बिटोन, पोटॅशियम ब्रोमाइड यांसारखी औषधेच आहेत. तथापि, बऱ्याच श्वानांमध्ये औषधे देऊनही झटके पूर्णतः थांबत नाहीत. अशा वेळी आहाराचा विचार होतो. यात सर्वांत भक्कम पुरावा मध्यम साखळीच्या ट्रायग्लिसराइड्सचा, म्हणजेच 'एमसीटी'चा आहे. ब्रिटनमधील रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये २१ श्वानांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. औषधे सुरू ठेवून तीन महिने हे खाद्य दिल्यावर तीन श्वानांचे झटके थांबले, तर आणखी सात श्वानांचे निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले. यातील डेकॅनॉइक आम्ल मेंदूतील अतिउत्तेजना रोखते, असे मानले जाते.

घरातील खोबरेल तेल हा त्याला पर्याय नव्हे. त्यात लॉरिक आम्ल सर्वाधिक, तर डेकॅनॉइक आम्ल अत्यल्प असते. शिवाय अधिक तेलामुळे जुलाब होतात, वजन वाढते आणि स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मुळे झटके कमी होतात, असे २०१२ मधील एका छोट्या अभ्यासात आढळले नाही.

ब्रोमाइड घेणाऱ्या श्वानाच्या आहारातील मिठाचे प्रमाण एकाएकी बदलू नये. मीठ वाढल्यास औषध मूत्रावाटे लवकर बाहेर पडते आणि झटके पुन्हा येऊ शकतात. मीठ घटल्यास औषध शरीरात साचते. त्यामुळे पापड, फरसाण, खारवलेले मांस यांपासून अशा श्वानास दूर ठेवावे. झायलिटॉल हा गोडवा असलेले पदार्थही देऊ नयेत, कारण त्याने रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटते.

झटका आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपयोग नाही. श्वानाच्या तोंडात हात घालू नये. आजूबाजूच्या वस्तू दूर सारून वेळ मोजावी. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास अथवा २४ तासांत दोन वा अधिक झटके आल्यास तातडीने पशुवैद्यक गाठावा. प्रत्येक झटक्याची तारीख, कालावधी आणि त्या दिवशीचा आहार वहीत नोंदवल्यास उपचार ठरवणे सोपे जाते.

पूरक आहार औषधाच्या जोडीला असतो, त्याच्या जागी नव्हे. गोळ्या अचानक बंद केल्यास तीव्र झटक्यांची मालिका सुरू होऊन श्वानाच्या जिवावर बेतू शकते.