पाण्यामागे आणि पाण्यापुढे

मंडळी, आमचं टेंभुर्णी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, माढा तालुक्यातलं गाव. इथून एक रस्ता पंढरपूरला, एक कुर्डुवाडी-बार्शीकडे, एक करमाळ्याकडे. येणारी-जाणारी माणसं बघतच आम्ही मोठे झालो. माणसं आपला मुलूख का सोडतात, याचं पुस्तकी उत्तर 'चांगल्या संधीसाठी' असं असतं. आमच्या भागातलं उत्तर मात्र एका शब्दाचं आहे... पाणी.

आधी पाणी नव्हतं म्हणून माणसं गेली. १८७२ च्या शिरगणतीत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख १९ हजार होती. मग १८७६-७८ चा दुष्काळ पडला आणि १८८१ मध्ये ती ५ लाख ८२ हजारांवर आली. यातले किती मेले आणि किती जगायला बाहेर पडले, हे तो आकडा सांगत नाही. गेलेला माणूस वहीत सारखाच! १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्यामागचा विचार साधा होता: गावाजवळ काम मिळालं तर माणूस गाव सोडत नाही.

नंतर पाणी आलं म्हणून माणसं गेली. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा ११७ टीएमसी. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या भागांतली नदीकाठची गावं आणि काळी कसदार जमीन पाण्याखाली गेली. पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा, पण कायद्याने जमीन देता येते, शेजार देता येत नाही. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात. फुगवट्याच्या काठावर मोटारी बसवून तिथल्या शेतकऱ्यांनीही ऊस केला, हे खरं. पण ज्याचं सगळंच बुडालं, त्याने मोटार लावायची कुठे?

आणि आता पाण्यामागे माणसं येतात. उजनीमुळे ऊस आला, उसामागे कारखाने आले. दिवाळीच्या सुमारास बीडकडचे ऊसतोड कामगार येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. 'माणसं किती?' असं कोणी विचारत नाही, 'कोयते किती?' असं विचारतात. पट्टा पडला की ते परत जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. आमची बागायत त्यांच्या कोरडवाहूवर उभी आहे, हे आम्ही सहसा बोलत नाही.

आपल्या घरातलेही कितीतरी जण पुण्याला, मुंबईला, परदेशी गेले. आपण त्याला सरसकट स्थलांतर म्हणतो. मला वाटतं, एक फरक करायला हवा. ज्याला राहायचं म्हटलं असतं तर राहता आलं असतं, त्यानेच गाव 'निवडून' सोडलं. बाकीच्यांना पाण्याने हलवलं. कधी नसण्याने, कधी असण्याने.

तेव्हा फडावरच्या माणसाला 'गाव का सोडलंत?' असं विचारण्याआधी 'राहता आलं असतं का?' हे विचारावं. आणि जमलं तर आपण स्वतःलाही. असो.