हिसका कुठं दिला होतास?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट. कारखान्यात माझं काम साखळ्या आणि आकडे तपासण्याचं. यंत्रावर साखळी चढवायची, सावकाश ताण वाढवत न्यायचा, काटा ठरलेल्या खुणेपर्यंत गेला की शिक्का मारायचा. एक दिवस क्रेननं उचललेला साचा भिंतीच्या कडेला अडकला, साखळी सैल पडली आणि साचा सुटून जेमतेम दोन हात खाली आला. हिसका बसला, साखळी तुटली. खालचा माणूस क्षणभर आधी बाजूला झाला होता म्हणून वाचला. साखळीवर शिक्का माझा होता. "हिनं याच्या दुप्पट वजन पेललंय, माझ्या डोळ्यांदेखत," मी पुनःपुन्हा सांगत होतो. आमचे वयस्क फोरमन शांतपणे म्हणाले, "पेललं असेल. पण हिसका कुठं दिला होतास?"

त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि पुस्तकांतून मला हॉपकिन्सन नावाचे बापलेक भेटले.

जॉन हॉपकिन्सन हा इंग्रज अभियंता. १८७२ साली, वयाच्या तेविशीच्या आसपास, त्यानं एक साधा प्रयोग केला. लोखंडी तार उभी टांगली, तिच्या खालच्या टोकाला अडसर बसवला आणि तारेवरून घसरत येणारं वजन त्या अडसरावर आदळू दिलं. आपल्याला वाटेल, वजन जितकं भारी तितकी तार लवकर तुटणार, आणि तुटणार ती घाव बसला तिथंच. झालं भलतंच. तार तुटायला वजन किती उंचीवरून सोडावं लागतं हे पाहिलं, तर हलक्या-भारी वजनानं फारसा फरक पडेना. महत्त्वाची ठरली उंची, म्हणजेच आदळण्याचा वेग. शिवाय कित्येकदा तार खाली न तुटता वर, जिथं ती पक्की आवळली होती तिथं तुटायची.

याचं कारण असं, की घाव सगळ्या तारेला एकाच वेळी कळत नाही. तो लाटेसारखा पुढं सरकतो. लोखंडात ही लाट सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगानं धावते. आवळलेल्या टोकाशी पोचली की ती मागं फिरते, येणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढतात आणि तिथला ताण दुप्पट होतो. साखळीचं गणित थोडं निराळं, तिथं वजनही धरावं लागतं. पण हळूहळू वाढवलेला ताण आणि अचानक बसलेला घाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तोच.

२७ ऑगस्ट १८९८ रोजी आल्प्स पर्वतात गिर्यारोहण करताना जॉन हॉपकिन्सन आणि त्याची तीन मुलं मृत्युमुखी पडली. मागं राहिलेला मुलगा बर्ट्रम वकिली शिकलेला होता. त्यानं वकिली सोडली आणि वडिलांचा व्यवसाय पत्करला. पुढं तो केंब्रिजला प्राध्यापक झाला. १९०५ साली त्यानं वडिलांचा तारेचा प्रयोग पुन्हा हाती घेतला. त्यातून कळलं, की ताण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ टिकला, तर तार नेहमीच्या परीक्षेत जिथं तुटते त्याहूनही अधिक ताण सोसू शकते. म्हणजे धातूचं बळ सांगायचं तर ताण किती वेळ होता, हेही सांगायला हवं.

पण इतका थोडा वेळ मोजणार कसा? १९१४ साली बर्ट्रमनं प्रसिद्ध केलेली युक्ती मला फार आवडते. रेल्वेच्या यार्डात डब्यांच्या रांगेला इंजिनानं धक्का दिला की तो खडखडत शेवटपर्यंत जातो, आणि शेवटचा डबा जोडलेला नसेल तर तो एकटाच पुढं पळतो. बर्ट्रमनं पोलादाची लांब कांब आडवी टांगली. एका टोकावर बंदुकीची गोळी झाडायची किंवा स्फोट करायचा. दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा छोटा तुकडा चुंबकानं धरून ठेवायचा. लाट तुकड्यात शिरते, मोकळ्या टोकावरून परतते आणि तुकडा सुटून उडतो. लाट त्यात जाऊन येईपर्यंत जेवढा धक्का आला, तेवढाच घेऊन तो उडतो. १० सेंटिमीटरच्या तुकड्यात हा वेळ सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे ४०. तुकड्यांच्या लांब्या बदलत गेलं, की क्षणाचा हिशेब हातात येतो. घड्याळाचं काम पोलादाच्या तुकड्यानं केलं! शिशाची गोळी पोलादावर आदळताना पाण्याच्या धारेसारखी वागते, हेही या कांबेनं दाखवलं.

मग पहिलं महायुद्ध आलं. बर्ट्रम विमानांच्या प्रयोगांत गुंतला, स्वतः विमान चालवायला शिकला. २६ ऑगस्ट १९१८ रोजी एकटाच उडत असताना विमान कोसळून तो गेला. वय ४४. वडिलांच्या मृत्यूला वीस वर्षं व्हायला एक दिवस कमी होता.

कांब मात्र राहिली. १९४८ साली आर. एम. डेव्हिस यांनी तिच्यातली लाट विजेच्या साधनांनी टिपून दाखवली. १९४९ साली हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन कांबी समोरासमोर ठेवून मधे पदार्थाची पातळ चकती बसवली. लाटेचा काही भाग चकतीवरून मागं फिरतो, काही पलीकडे जातो. मागं फिरलेल्या लाटेवरून चकती किती दबली ते कळतं, पलीकडे गेलेलीवरून तिनं किती ताण सोसला ते. त्यांनी तांबं, शिसं, रबर, पॉलिथिन अशा पदार्थांची परीक्षा घेतली. आज मोटारीच्या पत्र्यापासून हेल्मेटच्या आतल्या फोमपर्यंत अनेक वस्तू याच रीतीनं तपासल्या जातात. अपघात काही सावकाश ताण देत नाही.

मित्रहो, आमच्या कारखान्यात अशी कांब नव्हती. पण त्या प्रसंगानंतर फोरमननी तुळईला एक जुना लोखंडी ठोकळा टांगला. नव्या जातीची साखळी आली, की तिचा एक नमुना यंत्रावर ताणायचा आणि दुसऱ्याला ठोकळा सोडून हिसका द्यायचा. नोंदवहीत वजनाच्या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'उंची'. निवृत्त होईपर्यंत तो रकाना भरल्याशिवाय मी शिक्का उचलला नाही.