कृष्णविवराचं कूळ कलकत्त्याचं

कृष्णविवराच्या नावाचं मूळ शोधत गेलं, की आपण कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधल्या एका कोठडीच्या दाराशी येऊन उभे राहतो. हा धागा हाती लागल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते खरं मानायचं की नाही, हा वाद ताऱ्यांच्या कितीतरी आधी या नावानेच भोगला आहे.

वस्तूचा इतिहास थोडक्यात उरकतो. प्रकाशालाही न सोडणाऱ्या ताऱ्याची कल्पना जॉन मिशेल या इंग्रज पाद्र्याने 1783 मध्ये मांडली, 1916 मध्ये श्वार्झशिल्डने गणित दिलं, 1930 मध्ये तरुण चंद्रशेखरांनी श्वेत बटू ताऱ्याच्या वजनाची मर्यादा काढली. नाव मात्र कुणी ठेवलं नव्हतं.

पुस्तकं हे श्रेय जॉन व्हीलर यांना आणि 1967 सालाला देतात. ते खरं नव्हे. अ‍ॅन यूइंग या विज्ञान-बातमीदार बाईंनी जानेवारी 1964 मध्येच ‘ब्लॅक होल’ छापून टाकलं होतं. त्याच्याही मागे प्रिन्स्टनचे रॉबर्ट डिकी आहेत. 1960 च्या आसपास ते व्याख्यानात अशा ताऱ्याला ‘कलकत्त्याच्या ब्लॅक होल’ची उपमा देत, असं त्यांचे सहकारी हाँग-यी चिऊ यांनी सांगितलं आहे. घरात एखादी वस्तू हरवली की डिकी हेच म्हणत, ही त्यांच्या मुलांची आठवण.

यावर एक आक्षेप येतो. इंग्रजी पलटणीत शिक्षेच्या कोठडीला सरसकटच ‘ब्लॅक होल’ म्हणत. मग त्यात कलकत्ता कशाला ओढायचं? मला हा आक्षेप पटत नाही. सरसकट कोठडीच मनात असती, तर डिकींनी शहराचं नाव घेतलंच नसतं. गेलेलं परत येत नाही, हा अर्थ त्या शब्दांना कलकत्त्याच्या त्या रात्रीनेच दिला.

ती रात्र 20 जून 1756 ची. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने किल्ला घेतला आणि कैदी एका कोठडीत कोंडले. कोठडी 18 फूट लांब आणि सुमारे 14 फूट रुंद. त्यातून वाचलेल्या हॉलवेल या कंपनीच्या अधिकाऱ्याने लिहिलं, की 146 जण आत गेले आणि सकाळी 23 जिवंत निघाले. इंग्रजी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलं गेलं. पण 250 चौरस फुटांत 146 माणसं म्हणजे माणशी पावणेदोन चौरस फूट होतात. इतिहासकार अक्षयकुमार मैत्रेय आणि पुढे जे. एच. लिटल यांनी या कहाणीवरच बोट ठेवलं. ब्रिजेन गुप्ता यांनी छाननी करून 64 कैदी आणि 21 वाचलेले असा आकडा काढला. 1940 मध्ये सुभाषबाबूंच्या आंदोलनामुळे हॉलवेलचं स्मारक चौकातून हलवावं लागलं. कैदी होते, मृत्यू झाले, हे मी मानतो. 146 मानत नाही. तो आकडा मुख्यतः एका माणसाच्या शब्दावर उभा आहे आणि खोलीच्या मापात बसत नाही.

हीच कसोटी आकाशातल्या विवराला लावून पाहा.

आमची कणकुंबी खानापूर तालुक्यात, चोर्ला घाटाच्या तोंडावर. मलप्रभेचा उगम इथला. पावसाळाभर आकाश दिसत नाही. नोव्हेंबरात मात्र अंधार पडल्यावर वायव्येला हंस तारकासमूह छान दिसतो. हंसाच्या मानेत एक मंद तारा आहे, नववीच्या आसपासच्या प्रतीचा. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, दुर्बिणीतून दिसतो. तो दर 5.6 दिवसांनी कुणाभोवती तरी फेरी मारतो आणि तो ‘कुणीतरी’ दिसत नाही. फेरीच्या वेगावरून त्या न दिसणाऱ्याचं वजन निघतं. आजच्या मोजणीने सुमारे 21 सूर्यांचं. तिथून क्ष-किरण येतात, ते सेकंदाच्या अगदी लहान भागात लुकलुकतात. इतक्या झटपट बदलणारी वस्तू मोठी असूच शकत नाही. एवढं वजन, एवढीशी जागा, आणि उजेड नाही. जोडीदाराच्या चालीवरून न दिसणारा तारा ओळखावा, ही युक्ती मिशेलनेच सुचवली होती.

याच न दिसणाऱ्या वस्तूवर, म्हणजे हंस क्ष-1 वर, 1974 मध्ये स्टीफन हॉकिंगनी किप थॉर्नशी पैज लावली, की ते कृष्णविवर नाही. 1990 मध्ये पुरावे पाहून पैजेच्या कागदावर अंगठा उमटवून त्यांनी हार मानली.

आणि त्याच 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. त्या नावाची आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजमध्ये हॉकिंगच्याच काळात शिकलेले जयंत विष्णु नारळीकर त्या नावामागे लपले होते. शब्द आधी परिभाषेत असो वा नसो, निपाणी-बेळगावच्या वाचनालयांपर्यंत तो या कथेने आणला, असं माझं ठाम मत आहे. कलकत्त्याची कोठडी मराठीत आलीच नाही. आपल्याकडे थेट विवरच आलं. विशेष म्हणजे पुढे नारळीकरांनी विश्वाच्या आपल्या पर्यायी मांडणीत कृष्णविवर होण्याच्या उंबरठ्यावरच थांबणाऱ्या पिंडांना जागा दिली. शंका घ्यायचा त्यांचा हक्क मला मोलाचा वाटतो.

तरीही मी हॉकिंगच्या अंगठ्याच्या बाजूने आहे. हंस क्ष-1 नंतर आकाशगंगेच्या केंद्रापाशी तारे 43 लाख सूर्यांच्या अदृश्य वजनाभोवती फिरताना मोजले गेले. 14 सप्टेंबर 2015 ला दोन विवरांच्या टकरीची गुरुत्वलहर यंत्रांनी टिपली. असे क्षीण संकेत गोंगाटातून वेचण्याच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर होते. 2019 मध्ये एम-87 या दीर्घिकेतल्या विवराची सावली चित्रात उमटली. वेगवेगळी यंत्रं, वेगवेगळे देश, एकमेकांच्या चुका काढायला टपलेली माणसं, आणि उत्तर एकच. हॉलवेलच्या आकड्याला असे साक्षीदार कधी मिळाले नाहीत.

लहर टिपणारं असंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये मंजुरी दिली आहे. ज्याला अजून शंका आहे, त्याने ते सुरू झाल्यावर तिथल्या नोंदी स्वतः तपासाव्यात.